खंडेनवमीचं गोडं तेल

शाहूपुरीत अण्णा वकिलांच्या घरामागे पत्र्याची एक शेड होती आणि त्या शेडमध्ये नाकाडी राहत असे. नाकाडी म्हणजे त्यांची मोटार. विलायतेत शर्यतीसाठी बांधलेली, गर्द हिरव्या रंगाची, बसायला जागा दोघांचीच आणि पुढे इंजिनाचं नाक मात्र भलतंच लांब. एका सरदारांनी ती लढाईच्या आधी बोटीनं मागवली होती. पुढे संस्थान विलीन झालं, सरदारांचा मोटारखाना मोडला, आणि त्यांचे दावे चालवणाऱ्या अण्णांना त्यांनी ती देऊन टाकली. अण्णांची थोरली बहीण माई विधवा झाल्यापासून याच घरात होती आणि घर तिच्याच हातात होतं. मोटार पहिल्यांदा दारात आली तेव्हा माई तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "एवढं नाक आणि बसायची माणसं दोन! कुणाच्या लग्नाला निघालो तर आधी नाक पोचेल आणि अक्षता पडल्यावर आपण." तेव्हापासून तिचं नाव नाकाडी पडलं.

अण्णा कोर्टात जायचे ते टांग्यानं. नाकाडी चालवायची त्यांची मुलगी पद्मजा. ती रसायनशास्त्र घेऊन नुकतीच बी. एस्सी. झाली होती. आई लहानपणीच गेल्यामुळे माईनंच तिला वाढवलं होतं. मोटार चालवायला तिला शिकवलं सयाजीनं. हा सरदारांच्या मोटारखान्यातला जुना मिस्त्री. मोटारखाना मोडल्यावर त्यानं उद्यमनगरात स्वतःचं दुकान थाटलं होतं. पण नाकाडीवरचा त्याचा जीव काही सुटला नव्हता. चालवायला शिकवण्याआधी त्यानं पद्मजेला सहा महिने नुसती राखायला शिकवली.

शर्यतीची मोटार जुनी झाली की तिचं म्हाताऱ्या पैलवानासारखं होतं. ताकद बरीचशी शिल्लक असते, पण खुराकात चूक खपत नाही. लोकांना वाटतं, मोटारीला पेट्रोल घातलं की झालं. पेट्रोल हे तिचं जेवण, ते खरं. पण त्याशिवाय तिच्या अंगात आणखी कितीतरी पातळ पदार्थ फिरत असतात आणि एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. इंजिनातलं तेल धातूला धातूवर घासू देत नाही आणि जाता जाता सगळी काजळी स्वतःच्या अंगावर घेतं. ते काळं झालं म्हणजे नासलं असं नव्हे. त्यानं काम केलं असा त्याचा अर्थ. ते सोडून द्यायचं, पण इंजिन गरम असताना. गार झालं की काजळी चहाच्या गाळासारखी तळाला बसते आणि वरचं तेल तेवढं बाहेर येतं. गियरच्या डब्यात काकवीसारखं दाट तेल लागतं, कारण तिथं दात्यावर दाता जोरानं दाबला जातो आणि पातळ तेल मधून निसटून जातं. रेडिएटरमध्ये मात्र साधं पाणी. तेही सयाजी विहिरीचं घालू देत नसे. आंघोळीच्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो, तसाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांना धरतो, म्हणून पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून, फडक्यानं गाळून घालायचं.

सयाजीची शिकवण्याची एक तऱ्हा होती. तो पद्मजेला डोळे मिटायला सांगे आणि तिच्या बोटावर एक थेंब ठेवी.

"वळखा, ताईसाब."

"गियरचं."

"व्हय. आन् ह्ये?"

"इंजिनाचं. पण जळकट वास येतोय. बदलायला झालंय."

"झालंय की. आन् ह्ये?"

"हे तर एरंडेल! माईच्या बरणीतलं."

"एरंडेल न्हवं. एरंडेल आन् स्पिरिट, निम्मं निम्मं. ह्ये ब्रेकचं. ह्येला इसरायचं न्हाय. बाकीचं चुकलं तर गाडी हुबी ऱ्हातीया. ह्ये चुकलं तर हुबी ऱ्हात न्हाय."

ब्रेकचं तेल मुंबईहून डब्यात यायचं, पण ते वेळेवर मिळेल याची खात्री नसे. मग सयाजी घरीच बनवी. दारूबंदी आल्यापासून स्पिरिटची बाटली तो कुलपात ठेवायचा आणि कुलूप उघडताना इकडेतिकडे बघायचा. एरंडेल मात्र माईच्या कपाटातून जाई. तसं पाहिलं तर ही ब्रेकची व्यवस्था म्हणजे रंगपंचमीची पिचकारीच. पायानं एका टोकाला दट्ट्या दाबायचा, नळीतलं तेल पुढे सरकतं आणि चारी चाकांजवळचे छोटे दट्टे बाहेर ढकलतं. तेल कडेनं निसटू नये म्हणून प्रत्येक दट्ट्याला रबराची वाटी बसवलेली असते. ते रबर दुसऱ्या कुठल्याही तेलात फुगतं. एरंडेलात फुगत नाही. म्हणून एरंडेल. माईनं एकदा बरणी देताना विचारलं होतं, "मोटारीला एरंडेल कशाला गं?" पद्मजेचे दोन्ही हात तेव्हा काळ्या तेलानं भरले होते. "ब्रेकला लागतं," एवढंच ती म्हणाली. झाकणाची पितळी डबीही तिनं माईला दाखवली होती: इंजिनाच्या मागे, फळीला लावलेली, समईच्या तेलवातीच्या डबीएवढी.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता अण्णांनी विषय काढला. जयसिंगपूरच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला नाकाडी हवी होती. अण्णांच्या मनात ती द्यायचं बरंच घोळत होतं. मुलीच्या जातीनं एकटीनं एवढी वेगाची मोटार चालवायची, हे त्यांना मान्य नव्हतं असं नाही. पण ती बाहेर गेली की ती परत येईपर्यंत त्यांचं कागदात लक्ष लागत नसे. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "दसऱ्यानंतरच्या रविवारी मला पन्हाळ्याला ने आणि घेऊन ये. घरी येईपर्यंत माझी खात्री पटली, तर गाडी राहील. नाही पटली तर जयसिंगपूरला जाईल. त्यांचा माणूस त्याच संध्याकाळी येणार आहे."

"खात्री कशाची, अण्णा? गाडीची की माझी?"

"दोन्ही," अण्णा म्हणाले आणि ताक मागितलं.

पद्मजेनं सगळं नव्यानं केलं. तेलं बदलली. चाकांची ग्रीस काढून दुसरी भरली. पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाचा चढ लागला की इंजिन तापतं, म्हणून रेडिएटर धुऊन काढला. ब्रेकच्या डबीत तेल काठापेक्षा बोटभर खाली होतं. तेवढी जागा ठेवायचीच असते, कारण तापलं की ते फुगून वर येतं. तिनं झाकण लावलं आणि निश्चिंत झाली.

खंडेनवमीला त्या घरात तलवार-बंदूक नव्हती, पण पूजा दणक्यात व्हायची. ज्यानं म्हणून वर्षभर राबून घर चालवलं, त्याला त्या दिवशी माईच्या हातचं हळदकुंकू लागे: शिवणयंत्र, विहिरीचा रहाट, विळी, अडकित्ता, अण्णांची दौत-टाक, आणि शेवटी नाकाडी. माईचा आणखी एक नेम होता. तो तिनं सासरहून आणला होता. त्या दिवशी कुठलंच यंत्र कोरडं राहता कामा नये. म्हणून पूजा झाली की ती घाण्यावरून आणलेल्या ताज्या शेंगतेलाची बुधली घेऊन घरभर फिरे आणि जिथं जिथं तेल जाईल तिथं तिथं सोडी. पद्मजा त्या वेळी फाटकाला झेंडूचं तोरण बांधत होती. नाकाडीचं नाक उघडं होतं, दिव्यांवर हार होते, आणि माई बुधली पदराखाली धरून शेडमधून बाहेर येताना समाधानी दिसत होती.

दसऱ्याच्या संध्याकाळी पद्मजा सोनं वाटायला रंकाळ्याकडच्या मैत्रिणींकडे जाऊन आली. ब्रेकचं पेडल जरा घट्ट लागलं. नवं तेल म्हणून असेल, असं तिला वाटलं. मग चार दिवस मोटार जागेवरच राहिली.

शनिवारी सकाळी तिनं पुसण्यासाठी नाकाडी शेडबाहेर काढायला घेतली. एरवी खांदा लावून ढकललं की ती आपसूक निघायची. आज ती हलेना. हातब्रेक सुटलेला होता. गियर नव्हता. चाकाखाली दगड नव्हता. पद्मजेनं पाठ लावून जोर केला, तरी ती हट्टी रेड्यासारखी जागच्या जागी. चाकं आतून कुणीतरी धरून ठेवली होती.

तिनं नाक उघडलं, पितळी डबीचं झाकण काढलं. तेल काठोकाठ होतं. बोटभर रिकामी ठेवलेली जागा भरून गेली होती आणि वर पिवळसर, स्वच्छ थर तरंगत होता. तिनं बोट बुडवलं, डोळे मिटले आणि वास घेतला. फोडणीचा वास होता.

माई स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती.

"माई, खंडेनवमीला तू गाडीत तेल घातलंस?"

"घातलं की. त्या पितळेच्या डबीत. तूच दाखवली होतीस ना मला? किती खाली गेलं होतं गं! काठापर्यंत भरलं."

"कुठलं?"

"घाण्यावरचं. नवं. अजून आपण खाल्लंसुद्धा नव्हतं त्यातलं."

"तिथं एरंडेल लागतं, माई. तूच तर देतेस."

"म्हणून तर!" माई गवारीची शेंग हातात धरूनच म्हणाली. "वर्षभर बिचारीला एरंडेल पाजता. सणासुदीला कुणी एरंडेल पाजतं का? म्हटलं, आजच्या दिवस तरी तिच्या पोटात गोडं तेल जाऊ दे."

पद्मजा ओट्याला टेकली. हसू येत होतं आणि हसवत नव्हतं.

"का गं? काही झालं का?"

"तिचे ब्रेक धरलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या पन्हाळा कठीण आहे."

माईनं गवारीची शेंग ताटात ठेवली. पन्हाळा चुकला की काय होणार, हे तिलाही ठाऊक होतं.

सयाजी तासाभरात सायकलवरून आला. त्यानं आधी डबीत बोट घालून वास घेतला, मग माईकडे बघितलं, मग पुन्हा बोटाकडे.

"माईसाब, भजी तळायची हुती व्हय ह्येच्यात?"

"चेष्टा करू नकोस रे. दुरुस्त कर."

त्यानं चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल केला. तेलाची एक पिचकारी उडाली आणि चाक सुटलं. मग त्यानं मुख्य दट्ट्या खोलला आणि आतली रबराची वाटी पद्मजेच्या तळहातावर ठेवली. रात्रभर भिजवलेला वाल सालीतून बाहेर येऊ बघतो तशी ती फुगली होती. नखानं दाबली तर खळगा पडत होता.

"परत आकसणार नाही का?"

"न्हाय. गेलं ह्ये. चारी चाकाचं बी गेलं असणार. मुंबईला तार करतो. आठ दिस धरा."

"आणि उद्या?"

सयाजी टाचांवर बसला. "हातब्रेक तारेवर हाय. त्येचा तेलाशी संबंध न्हाय. त्यो मागली दोन चाकं धरतोय. सपाटीला भागतंय त्येच्यावर. चढायला तर ब्रेकच लागत न्हाय."

"आणि उतरताना?"

"उतरताना पयला गियर, आन् देवाचं नाव." त्यानं हात पुसले. "मी एकटा असतो तर गेलो असतो. खोटं कशाला बोलू? पर अण्णासायबांस्नी बसवून न्हाय."

पद्मजा त्या दिवशी बराच वेळ शेडमध्ये बसून होती. वाघबिळाचा रस्ता तिनं मनातल्या मनात उतरून पाहिला. पहिला गियर, हातब्रेक, वळणाआधीच वेग कमी करायचा. समोरून उसाची गाडी आली नाही तर जमेल. एकटीला जमेल, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं. शेजारी अण्णा बसलेले तिनं डोळ्यांपुढे आणले, तेव्हा मात्र ते जमेना.

रविवारी सकाळी अण्णा लांब कोट, टोपी आणि हातात छत्री अशा थाटात मागच्या दारी आले. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याचा ड्रायव्हर आकाराम संध्याकाळी यायचा तो सकाळीच येऊन टपकला होता. एस.टी. लवकर मिळाली म्हणाला. तो मागच्या ओसरीवर चहा पीत होता. जाडजूड, मोठ्या आवाजाचा माणूस. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवलेला.

"अण्णा," पद्मजा म्हणाली, "आज गाडी नेता येणार नाही. ब्रेकची रबरं गेली आहेत. मुंबईहून आली की नेईन. आठवडा लागेल."

"परवापर्यंत तर ठीक होती."

"चुकीचं तेल पडलं."

"कुणी घातलं?"

दारातून माईचा आवाज आला, "मी. खंडेनवमीला. शेंगाचं. पोरीला बोलू नकोस."

अण्णांनी बहिणीकडे वळून पाहिलं. "मोटारीला शेंगतेल?"

"सणाचा दिवस होता. एरंडेल कसं घालू?"

आकारामला चहाचा ठसका लागला. अण्णांच्याही मिशा हलल्या, पण त्यांनी टोपी नीट केली आणि चेहरा सावरला. "ठीक आहे. तेल पडलं, त्यात मुलीचा दोष नाही. वेळेवर सांगितलं, हेही बरं झालं. पुढच्या रविवारी जाऊ."

पद्मजेला एकदम हलकं वाटलं. माई आत वळली. तेवढ्यात अण्णा कोर्टात साक्षीदाराला विचारावं तशा स्वरात, अगदी शांतपणे म्हणाले, "एकच विचारतो. आज मी बरोबर येणार नसतो, तू एकटीच निघाली असतीस, तर गेली असतीस?"

आकाराम कप खाली ठेवायचा थांबला. पद्मजेला कळलं, की गाडी या एका उत्तरावर आहे. 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटं आहे हे कुणालाच कधी कळलं नसतं. पण काल शेडमध्ये बसून वाघबिळाची सगळी वळणं ती उतरली होती, आणि समोर विचारणारे अण्णा होते.

"गेले असते," ती म्हणाली. "हातब्रेकवर. सावकाश."

अण्णांनी मान हलवली. त्यांना राग आलेला दिसला नाही.

"मग गाडी जाऊ दे," ते म्हणाले. "आकाराम, तुमच्या शेटजींना सांगा, माझा होकार आहे."

"व्हय जी. मग ही तशीच न्हेतो की आत्ता! हातब्रेक हाय न्हवं? रस्ता सपाट हाय जयसिंगपूरपतूर."

"नाही," पद्मजा म्हणाली. स्वतःच्या आवाजाचं तिलाच नवल वाटलं. "ब्रेक नीट झाल्याशिवाय ती या फाटकाबाहेर जाणार नाही."

आकारामनं अण्णांकडे पाहिलं.

"ती म्हणेल तेव्हाच जाईल," अण्णा म्हणाले आणि छत्री खुंटीला अडकवायला आत गेले.

दुपारी माईनं पद्मजेला ताटावरच गाठलं. "खोटं बोलायला काय झालं होतं तुला? एवढी शिकलीस!"

"अण्णांनी सरळ विचारलं ना."

"सरळ विचारलं म्हणून सरळ सांगायचं? मी तेलाचं कबूल केलं कारण ते डबीत दिसत होतं. तुझ्या मनातलं कुणाला दिसत होतं? एवढंसं पोटात ठेवता आलं नाही?"

पद्मजेनं भात कालवला. "ठेवलं असतं तर पुढच्या रविवारी अण्णांना शेजारी बसवून पन्हाळ्याला नेताना ते पोटातच असतं, माई."

माईनं तिच्या भातावर तूप वाढलं.

रबरं आली. सयाजीनं आणि पद्मजेनं नळ्या स्पिरिटनं धुतल्या, नव्या वाट्या बसवल्या, नवं तेल घातलं. मग राहिलं नळ्यांतली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू सोडायचा; तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात, ते थांबेपर्यंत हेच करत राहायचं. सयाजीला दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून तो गेला. माई अंगणातच पापड वाळत घालत होती.

"माई, पेडल दाबशील?"

"मी? त्या नाकाडीत बसू?"

"तूच बिघडवलीस ना?"

माईनं नऊवारीचा ओचा आवरला, आधी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि स्टिअरिंगच्या मागे मांडी ठोकायला जागा नाही म्हणून दोनदा कुरकुरली. पद्मजा मागच्या चाकापाशी काचेची बाटली आणि रबरी नळी घेऊन आडवी झाली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोडू नकोस. आता सोड."

"काय गं निघतंय तिकडं?"

"हवा. बुडबुडे."

"मग राहू दे की थोडी. हवेनं काय होतंय?"

पद्मजा या वेळी हातातलं काम थांबवून गाडीखालून बाहेर आली. तिनं बाटली माईपुढे धरली. "हे बघ. तेल दाबलं तर दबत नाही, जसंच्या तसं पुढे सरकतं. हवा दबते. नळीत हवा राहिली तर तू पायानं जेवढा जोर लावशील, तो हवेलाच दाबण्यात संपतो. चाकापर्यंत पोचतच नाही."

"आणि शेंगतेल? तेही तेलच की. ते का नाही चाललं?"

"जोर त्यानंही नेला असता. पण रबर त्यात फुगतं, आणि फुगलं की दट्ट्या मागे येत नाही. एरंडेलात फुगत नाही. मला माहीत असलेलं हे एकच तेल."

माई विचारात पडली. "मग एरंडेल हेच तिचं गोडं तेल म्हणायचं."

"हो."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"हात भरले होते."

माईनं नाक मुरडलं आणि पाय पुन्हा पेडलवर ठेवला. "चल. दाबू?"

त्यानंतर तिनं न सांगता चारी चाकं पुरी केली. शेवटच्या चाकाच्या वेळी तर ती पद्मजेच्या आधीच विचारू लागली, "बुडबुडे थांबले का? नीट बघ. घाई करू नकोस."

आकाराम मोटार न्यायला आला तेव्हा पद्मजेनं त्याला लगेच किल्ली दिली नाही. नाक उघडून तिनं एकेक झाकण काढलं आणि प्रत्येकाशी थांबली. कशात काय घालायचं, एवढ्यावर तिनं भागवलं नाही. का घालायचं, तेही सांगितलं. आकारामनं आधी "ठाव हाय, ठाव हाय" केलं. पितळी डबीपाशी आल्यावर मात्र त्याची बडबड थांबली. त्यानं बोट बुडवून वास घेतला.

"आयला, एरंडेल! खरंच हाय की! माझ्या लॉरीला असलं काय न्हवतं. तिला तारंचंच ब्रेक."

"म्हणून तर सांगते. शेटजींच्या घरात कुणी दुसरं तेल घालायला आलं तर हात धरा."

"हात धरतो की. शेटजींच्या आईसाब लई सोवळ्याच्या हायती. मोटारीला धूप-दीप करणार त्या. डबीला कुलूपच घालतो." तो मोठ्यानं हसला आणि आत बसला.

अण्णा, माई आणि पद्मजा फाटकापाशी उभे राहिले. इंजिन चालू झालं. आधी जरा खोकलं, मग एकसारखं गुरगुरू लागलं.

"काही राहिलं का सांगायचं?" अण्णांनी पद्मजेला विचारलं.

"नाही. सगळं सांगितलं."

"तुला माझा राग आला असेल."

पद्मजेनं खरंच विचार केला. "आला होता. आता किती आहे ते सांगता येत नाही."

नाकाडी रस्त्याला लागली. आकाराम लॉरी चालवायची सवय असलेल्या हातांनी तिला जरा जास्तच रेटत होता. कोपऱ्यावर स्टेशनकडून येणारा एक टांगा अचानक आडवा आला. माईचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. नाकाडीचं लांब नाक किंचित खाली झुकलं आणि ती टांग्यापासून हातभर अंतरावर थांबली. चारी चाकांनी एकदम धरलं. ना इकडे ओढली गेली, ना तिकडे. टांगेवाल्यानं आकारामला दोन शिव्या दिल्या, आकारामनं त्याला तीन दिल्या, घोडा बाजूला झाला आणि मोटार जयसिंगपूरच्या रस्त्याला लागली.

"सरळ थांबली," पद्मजा म्हणाली, आणि फाटक लावून घेतलं.